निर्वंश घराण्यांच्या लेकी

इ. स. १२१९ च्या वसंत ऋतूत थेम्स नदीच्या काठी कॅव्हरशॅम येथील वाड्यात पेंब्रोकचा अर्ल विल्यम मार्शल मृत्युशय्येवर पडला होता. बालराजा तिसरा हेन्री याच्या नावाने इंग्लंडचा कारभार सांभाळणारा हा वृद्ध योद्धा अखेरच्या दिवसांत एकदा म्हणाला की, गेल्या तीन वर्षांत आली नव्हती अशी गाण्याची इच्छा आज मनात दाटून आली आहे. पण मरणाऱ्या माणसाने गाणे म्हटले तर लोक त्याला वेडा म्हणतील. तेव्हा त्याच्या मुलींना बोलावण्यात आले. प्रथम थोरली मॉड गायली. मग धाकटी जोन पुढे आली आणि भीत भीत गाऊ लागली. बापाने तिला थांबवले, गाताना लाजू नये असे सांगितले आणि गाणे कसे म्हणावे ते स्वतः शिकवले. त्यानंतर काही दिवसांतच, १४ मे रोजी, तो मरण पावला.

हा प्रसंग आज ठाऊक आहे तो केवळ योगायोगाने. मार्शलच्या थोरल्या मुलाने बापाचे चरित्र पद्यात रचून घेतले होते. सुमारे एकोणीस हजार ओळींच्या या काव्याची एकच हस्तलिखित प्रत शिल्लक राहिली. १८६१ साली लंडनच्या एका लिलावात पॉल मेयर या फ्रेंच विद्वानाच्या ती नजरेस पडली आणि लगेच हातची गेली. पुढे वीस वर्षे शोध घेऊन त्याने ती पुन्हा गाठली आणि १८९१ ते १९०१ या काळात तीन खंडांत छापली. तोवर मार्शलच्या मुलींची नावे इतिहासाला माहीत होती. त्यांना आवाजही होता, हे माहीत नव्हते.

नावे तरी माहीत का होती, याचे उत्तर अधिक मार्मिक आहे. मार्शलला पाच मुलगे होते आणि पाच मुली. पाचही मुलगे एकामागून एक पेंब्रोकचे अर्ल झाले वा व्हायच्या बेतात होते, आणि पाचही जण निपुत्रिक वारले. शेवटचे दोघे, वॉल्टर आणि अन्सेल्म, १२४५ सालच्या अखेरीस काही आठवड्यांच्या अंतराने गेले. वंशावळीच्या भाषेत मार्शल घराणे तेथे निर्वंश झाले. नेमक्या त्याच क्षणी पाच मुली कागदावर अवतरल्या, कारण घराण्याची प्रचंड मालमत्ता आता त्यांच्यात वाटायची होती. भाऊ जगले असते, त्यांना मुलगे झाले असते, तर मॉड, इसाबेल, सिबिल, ईव्हा आणि जोन या पाच जणींची ओळख मिळवण्यासाठी संशोधकांना मठांच्या दानपत्रांची धूळ झाडावी लागली असती.

मौन कागदांचे

मध्ययुगीन इंग्लंडमधील उमराव घराण्यांच्या मुली वंशावळींतून का गळतात, याचे मूळ त्या काळच्या दप्तरव्यवस्थेत आहे. राजाकडून थेट जमीन धारण करणारा सरदार वारला की राजाचा अधिकारी त्या त्या परगण्यात पंच बसवी आणि चौकशी करी. मृताची जमीन कोणती, ती कोणाकडून धारण केली होती, तिचे वार्षिक उत्पन्न किती, तो कोणत्या दिवशी वारला, आणि त्याचा सर्वांत जवळचा वारस कोण व त्याचे वय काय, एवढेच प्रश्न विचारले जात. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सतराव्या शतकापर्यंत चाललेल्या या मरणोत्तर चौकशांचे हजारो कागद आजही उपलब्ध आहेत, आणि इंग्रज वंशेतिहासाचा तो कणा मानला जातो. परंतु हे कागद कुटुंबाची नोंद करण्यासाठी लिहिलेले नव्हते. राजाला हवा होता तो वारस, आणि वारस अज्ञान असेल तर त्याच्या पालकत्वाचा व विवाहाचा हक्क, कारण त्यात पैसा होता. मुलगा असला की एका ओळीत काम संपे. त्याला चार बहिणी असोत की नसोत, पंचांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते.

मुलगा नसला की मात्र चित्र पालटे. मुलग्यांत थोरला सगळे घेई. पण मुलींत थोरली-धाकटी असा भेद नव्हता. बाराव्या शतकात रूढ झालेल्या नियमाप्रमाणे सर्व मुली समान हिस्सेदार होत. मग पंच प्रत्येकीचे नाव, वय, पतीचे नाव सांगत. कोणी आधीच वारली असेल तर तिच्या मुलांची नावे सांगत. एकाच कायद्याने मुलीला भावाच्या हयातीत अदृश्य केले आणि भावाच्या मृत्यूनंतर ठळक केले.

दुसऱ्या हेन्रीच्या काळातील ११८५ सालची एक नोंदवही याच वृत्तीची साक्ष देते. बारा परगण्यांतील सरदारांच्या विधवा व पोरक्या मुलामुलींची ती यादी आहे. कोणाचे वय काय, जमीन किती, मुलगे किती, मुली किती, जनावरे किती, हे तीत तपशीलवार लिहिले आहे. मुलगे, मुली आणि जनावरे यांची गणती एकाच दमात होते. कारण ज्यांचा विवाह राजाच्या हातात आहे आणि ज्यांच्यापासून उत्पन्न येऊ शकते, अशांची ती मोजदाद होती.

पुढच्या काळातील संशोधकांनी हे मौन बव्हंशी तसेच पुढे चालवले. सर विल्यम डग्डेल याने १६७५-७६ मध्ये इंग्रज सरदार घराण्यांचा थोर इतिहास छापला. त्यातही कथानक चालते ते बापाकडून मुलाकडे. जॉर्ज कोकेन याने १८८७ पासून प्रसिद्ध केलेला आणि विसाव्या शतकात विस्ताराने पुन्हा सिद्ध झालेला सरदारक्यांचा महाकोश हा आजही प्रमाण मानला जातो. पण पदवी धारण करणारा पुरुष आणि त्याच्या पत्नी एवढ्यांचीच दखल घ्यायची, हा त्याचा आराखडाच आहे. वंशावळकारांच्या लॅटिन संक्षेपांत ‘संततीविना मृत’ आणि ‘पुरुषसंततीविना मृत’ यांत एका अक्षराचा फरक आहे. नक्कल करताना ते एक अक्षर गळले की सगळ्या मुली गळतात.

जमिनीच्या मागावर

तरीही या मुली सापडतात, आणि त्या शोधण्याची एक पद्धती आता चांगली बसली आहे. तिचे पहिले सूत्र असे की माणसाच्या मागे न जाता जमिनीच्या मागे जावे. उमराव आपल्या मुलीला लग्नात जमीन आंदण देई. एखादे गाव पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्याकडे असते आणि अचानक परक्या घराण्याच्या कागदांत दिसू लागते. विक्रीचा लेख नसतो, राजाचे दानपत्र नसते. अशा वेळी मध्ये एक लग्न झाले असावे, असा तर्क करता येतो. आंदण जमिनीवर तीन पिढ्यांपर्यंत सेवेची सूट असे, त्यामुळे पुढे कधीतरी त्यावरून वाद होई आणि वादी न्यायालयात सांगे की, ही जमीन माझ्या आजीला तिच्या बापाने दिली होती. त्या एका वाक्यात शंभर वर्षे हरवलेली लेक परत मिळते.

दुसरे साधन विधवेचे. पतीच्या जमिनीतील एक तृतीयांश हिस्सा तिला हयातभर मिळे, आणि तो सावत्र मुलाकडून वा दिराकडून मिळवण्यासाठी तिला बहुधा दावा करावा लागे. १२१५ च्या मॅग्ना कार्टात विधवेला तिचे आंदण व वारसा विनाविलंब मिळावा आणि तिच्यावर पुनर्विवाहाची सक्ती होऊ नये, अशी कलमे घालावी लागली, यावरूनच त्या काळी काय चालत असे याची कल्पना येते. तिसरे साधन पोपच्या दप्तराचे. चौथ्या पिढीपर्यंत रक्तसंबंध असलेल्यांचा विवाह चर्चला निषिद्ध होता. मूठभर उमराव घराणी आपसांतच लग्ने करीत असल्याने त्यांना वारंवार रोमकडून खास परवानगी मागावी लागे, आणि नाते कसे व कोणत्या पिढीतले, हे अर्जात सांगावे लागे. इंग्लंडमध्ये जी मुलगी कोठेही नोंदलेली नाही, ती कधी कधी पोपच्या वहीत भेटते. मोहोरेवर पतीच्या कुलचिन्हाशेजारी कोरलेले पित्याचे कुलचिन्ह, प्रार्थनेच्या पोथीतील दिनदर्शिकेत टिपलेली पुण्यतिथी, एखाद्या मृत्युपत्रात मठातील मुलीला ठेवलेला प्याला, अशा बारीक खुणाही उपयोगी पडतात.

या शोधाला धोकेही तितकेच आहेत. नावांचा तुटवडा हा पहिला. जोन, मार्गारेट, ॲलिस, इसाबेल अशा दहाबारा नावांत सगळ्या पिढ्या भागत. एकाच घरात एका नावाच्या दोन बहिणी असत. इसाबेल आणि एलिझाबेथ ही तर एकाच नावाची दोन रूपे समजली जात. लॅटिन लेखातील एकच शब्द नातीलाही लागे आणि भाचीलाही. दुसरा धोका हौसेचा. सोळाव्या-सतराव्या शतकांत राजाचे भाट परगणोपरगणी फिरून वंशावळी नोंदवीत, तेव्हा नव्याने वर आलेल्या अनेक घराण्यांनी आपल्या पूर्वजाला एखाद्या अर्लची कन्या बहाल केली. अशा बनावट वंशावळींची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे. एच. राउंड याने निर्दयपणे चिरफाड केली. हरवलेली मुलगी शोधताना न जन्मलेली मुलगी हाती लागू नये, हे पथ्य तेव्हापासून संशोधकाला पाळावे लागते.

शत्रू आणि सोयरे

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडू शकेल. त्याचे उत्तर मार्शलच्या लेकींच्या वंशातच आहे. १२४७ च्या वाटणीच्या वेळी पाच जणींपैकी एकटी मॉड हयात होती. मार्शल हे वंशपरंपरागत पद तिला मिळाले आणि तिच्याकडून तिच्या मुलाकडे गेले. आयर्लंडमधील लेन्स्टर प्रांताचे पाच भाग झाले : कार्लो मॉडचा, किल्केनी इसाबेलच्या वंशाचा, किल्डेअर सिबिलच्या, लेईश ईव्हाच्या आणि वेक्सफर्ड जोनच्या. सिबिलला सात मुलीच होत्या. तिच्या पाचव्या हिश्शाचे आणखी सात तुकडे झाले. खुद्द पेंब्रोक मिळाले ते भीत भीत गाणाऱ्या जोनच्या मुलीला. तिचे नावही जोनच. तिसऱ्या हेन्रीचा सावत्र भाऊ विल्यम द व्हॅलेन्स याच्याशी लगेच तिचे लग्न लागले, यात नवल नाही.

यानंतर १३१४ साल. बॅनकबर्नच्या रणांगणावर स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या सैन्यापुढे इंग्रजांचा धुव्वा उडाला आणि ग्लॉस्टरचा तरुण अर्ल गिल्बर्ट द क्लेअर मारला गेला. ब्रूसने त्याचे शव सन्मानपूर्वक परत पाठवले. राजकीय इतिहासात हे दोघे दोन राष्ट्रांचे पुरुष आहेत. पण इसाबेल मार्शलची वंशरेषा काढली तर हे दोघेही तिचे पणतू ठरतात. गिल्बर्ट तिच्या मुलाचा नातू. ब्रूस तिच्या मुलीचा. शिवाय दोघांच्या पत्नी सख्ख्या बहिणी, अल्स्टरच्या अर्लच्या कन्या. पुरुषांच्या वंशावळीत ही दोन घराणी कागदाच्या दोन टोकांना असतात. मुली लिहिल्या की ती एका पंगतीत येऊन बसतात.

गिल्बर्टला मूल नव्हते. त्याची विधवा आपण गरोदर असल्याचे जवळजवळ तीन वर्षे सांगत राहिली आणि वाटणी तेवढी लांबली. अखेर १३१७ मध्ये त्याच्या तीन बहिणींत, एलेनॉर, मार्गारेट आणि एलिझाबेथ यांच्यात, इस्टेट विभागली गेली. एलेनॉरचा नवरा धाकटा ह्यू डिस्पेन्सर हा राजाचा लाडका. त्याला मेहुण्यांचे हिस्सेही हवेसे वाटले आणि १३२१ साली त्यातून यादवी पेटली. तिसरी बहीण एलिझाबेथ तीनदा विधवा झाली, दीर्घकाळ जगली आणि केंब्रिजमध्ये आजही तिच्या माहेरच्या नावाने ओळखले जाणारे क्लेअर कॉलेज तिने आपल्या दानाने उभे केले.

मुलींची नोंद होण्याचे आणखी एक कारण असे, ते म्हणजे भीती. डिस्पेन्सरचा कट्टर शत्रू रॉजर मॉर्टिमर हा लंडनच्या किल्ल्यातून निसटून फ्रान्सला गेला. पुरुष हाती लागत नाही म्हणून १३२४ मध्ये त्याच्या तीन मुलींना वेगवेगळ्या मठांत ठेवण्यात आले : मार्गारेट शूल्डॅमला, जोन सेम्प्रिंगॅमला, इसाबेल चिक्सँड्सला. दोन वर्षांनी पारडे फिरले. मॉर्टिमर आणि राणी इसाबेला यांनी राज्य जिंकले, डिस्पेन्सरला हेरफर्ड येथे हालहाल करून मारले आणि १३२७ सालच्या पहिल्याच दिवशी त्याच्या तीन मुलींना संन्यासदीक्षा देण्याचे हुकूम सुटले. त्यांतील एलेनॉरला पाठवले तेही सेम्प्रिंगॅमलाच. मॉर्टिमरच्या मुली काही काळाने बाहेर आल्या. डिस्पेन्सरच्या मुलींना मात्र दीक्षा देण्यात आली होती. आणि संन्यासिनी ही कायद्याच्या दृष्टीने मृत असल्याने तिला वारसा मिळू शकत नसे. अजाण पोरींना जिवंतपणी निर्वंश करण्याची ही युक्ती होती.

थोरली मुलगी इसाबेल मठातून वाचली, कारण तिचे लग्न १३२१ मध्येच रिचर्ड फिट्झॲलन या अरुंडेलच्या वारसाशी लागले होते. दोघे तेव्हा सात-आठ वर्षांची होती. बाप गेल्यावर या सासरी तिची किंमत उरली नाही. १३४४ मध्ये रिचर्डने पोपकडून विवाह रद्द करवून घेतला. बालपणी भीतीपोटी लग्न झाले, जाणते झाल्यावर दोघांनी ते नाकारले, पण मारहाणीच्या धाकाने एकत्र नांदावे लागले, असे कारण देण्यात आले. त्यांचा वयात आलेला मुलगा एडमंड अनौरस ठरला. रिचर्डने लगेच राजघराण्यातील एलेनॉरशी विवाह केला. इसाबेल एसेक्समधील काही गावांच्या उत्पन्नावर जगली आणि कागदांतून नाहीशी झाली.

एका लेकीचा दावा

राहिली सर्वांत धाकटी, एलिझाबेथ. ती इतकी लहान होती की हुकूम काढणाऱ्यांनी तिला वगळले. १३३८ मध्ये तिचे लग्न झाले ते मॉरिस बर्कलीशी. हा मॉरिस मार्गारेट मॉर्टिमरचा, म्हणजे शूल्डॅमच्या मठात ठेवलेल्या मुलीचा, मुलगा. ज्या दोन घराण्यांनी एकमेकांच्या लेकी कोंडल्या, त्यांचा संसार अशा रीतीने बर्कलीच्या वाड्यात एकत्र आला. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की मॉर्टिमर हा ईव्हा मार्शलच्या मुलीचा नातू, तर डिस्पेन्सरची पत्नी इसाबेल मार्शलच्या वंशातली. कॅव्हरशॅमच्या दोन बहिणींचे रक्त सव्वाशे वर्षांनी बोहल्यावर पुन्हा भेटले, आणि पुरुषांची कोणतीही वंशावळ हे सांगू शकत नाही.

या मॉरिस व एलिझाबेथचा मुलगा थॉमस बर्कली १४१७ साली वारला. त्याला एकच अपत्य, मुलगी एलिझाबेथ, वॉरिकच्या अर्लची पत्नी. जुन्या रिवाजाने सारे तिचे होते. पण १२८५ च्या एका कायद्याने जमीन विशिष्ट वंशापुरती बांधून ठेवण्याची वाट मोकळी झाली होती, आणि चौदाव्या शतकात अनेक घराण्यांनी या वाटेने आपल्या जहागिरी केवळ पुरुषवंशाला बांधून टाकल्या. बर्कलीचा किल्ला एलिझाबेथच्या पणजोबाने तसाच बांधला होता. त्यामुळे तो तिच्या चुलतभावाकडे, जेम्सकडे गेला. ती व तिचा नवरा भांडले. ती १४२२ मध्ये वारली. तिच्या तीन मुलींनी दावा पुढे नेला. थोरल्या मार्गारेटच्या पक्षाने जेम्सच्या पत्नीला ग्लॉस्टरच्या किल्ल्यात डांबले आणि ती तेथेच १४५२ मध्ये मेली. १४७० मध्ये निब्ली ग्रीनच्या माळावर मार्गारेटचा नातू थॉमस टॅलबट जेम्सच्या मुलाविरुद्ध लढताना मारला गेला. इंग्लंडच्या भूमीवर दोन सरदारांच्या खाजगी फौजांत झालेली ही शेवटची लढाई समजली जाते. न्यायालयातील दावा मात्र १६०९ पर्यंत चालला. एका मुलीला वगळण्याची किंमत जवळजवळ दोनशे वर्षे फेडावी लागली.

या इतिहासातील एक शब्द भारतीय वाचकाच्या ओळखीचा आहे. समान हिस्सा घेणाऱ्या बहिणींना इंग्रजी कायदा ‘कोपार्सनर’ म्हणे. मार्शलच्या लेकी या मूळच्या अर्थाने कोपार्सनर होत्या. हाच शब्द पुढे इंग्रज न्यायाधीशांनी हिंदू एकत्र कुटुंबातील सहदायादाला लावला, आणि तेथे त्याचा अर्थ नेमका उलटला : मिताक्षरा पद्धतीत कोपार्सनर म्हणजे फक्त पुरुष. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने अविवाहित कन्येला आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने सर्वच कन्यांना सहदायादाचा हक्क मिळाला, तेव्हा तो शब्द मोठा प्रवास करून पुन्हा मुलींपाशी आला. इंग्लंडमध्ये २०१३ च्या कायद्याने राजपदाच्या वारशात मुलगा-मुलगी भेद काढून टाकला. परंतु तेथील बहुसंख्य वंशपरंपरागत सरदारक्या अजूनही पुरुषवंशातच उतरतात.

विस्मृतीत गेलेल्या या मुलींचा शोध हा रिकामपणाचा उद्योग नाही, हे यावरून ध्यानात यावे. ज्या दप्तराने मालमत्तेचा प्रश्न आल्याखेरीज मुलीचे नाव लिहिले नाही, त्या दप्तराचे मौन म्हणजे तिचे नसणे समजणे ही इतिहासाची चूक आहे. घराणी निर्वंश होतात ती बहुधा कागदावर. मार्शल घराणे १२४५ साली संपले असे पुस्तके सांगतात. परंतु ब्रूस, मॉर्टिमर, क्लेअर आणि बर्कली यांच्या घरांत ते नांदत होते, आणि मॉर्टिमरांच्याच एका लेकीच्या, ॲन मॉर्टिमरच्या, वंशातून चौथ्या एडवर्डच्या रूपाने ते इंग्लंडच्या सिंहासनावर जाऊन बसले. मार्शलचे पाच मुलगे अर्लपदाची नावे आणि थडगी मागे ठेवून गेले. त्याचा वंश पुढे नेला तो त्या दिवशी त्याच्यासाठी गायलेल्या मॉडने, भीत भीत सूर धरणाऱ्या जोनने आणि त्यांच्या तीन बहिणींनी.